सात फुटांचं माप

इंग्लंडच्या कालव्यांवर सुट्टीपुरती बोट भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही. तासाभरात जुजबी शिकवतात, हातात लॉकची (म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या हौदाची) लोखंडी चावी देतात आणि सोडून देतात. पुढे बहुतेक ठिकाणी आपलं आपणच: चावी फिरवून झडपा उचलायच्या, पाणी समपातळीला आलं की दरवाज्याच्या लांब दांड्याला पाठ लावून रेटायचं. बोटही अजबच. लांबी सत्तर फुटांपर्यंत, रुंदी जेमतेम सात फूट.

हे माप ठरलं कालवे बांधणारा अभियंता जेम्स ब्रिंडली याच्या काळात. 1761मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा कालवा खुला झाला, तो ब्रिंडलीच्याच देखरेखीखाली. तो कालवा चांगला रुंद होता. पण 1766मध्ये ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडायचं काम हाती आलं, तेव्हा मध्ये डोंगर आडवा होता. बोट लॉकमधून एकदा गेली की साधारण लाखभर लिटर पाणी वरून खाली जातं, आणि डोंगरमाथ्यावर तेवढं पाणी आणायचं कुठून? रुंदी दुप्पट केली की पाणीही दुप्पट. शिवाय हेअरकॅसलचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणायचा होता. म्हणून सात फूट. हा कंजूषपणा मला तरी शहाणपणाचा वाटतो, पण त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. तेव्हा बोटी काठावरून चालणारा घोडा दोराने ओढायचा, पण बोगद्यात त्याला वाटही ठेवली नव्हती. घोडा डोंगरावरून जायचा आणि माणसं बोटीवर उताणी पडून पायांनी भिंत रेटत ती पुढे सरकवायची. ब्रिंडली 1772मध्ये वारला, कालवा 1777मध्ये पुरा झाला.

पूलही घोड्याच्या सोयीने बांधले. काठावरची वाट बाजू बदलते तिथे पुलाचा चढ असा वळवलेला, की दोर न सोडता घोडा पलीकडे जावा. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर तर काही पूल मधोमध चिरलेले आहेत: लोखंडाचे दोन अर्धे भाग आणि त्यांच्यामध्ये फक्त दोर निसटण्यापुरती फट.

मग रेल्वे आली. पंचवीस-तीस टनांची बोट मालगाडीपुढे काय टिकणार? 1930च्या दशकात लंडन-बर्मिंगहॅम मार्गावरची लॉक रुंद केली, पण रुंद बोटी काही फारशा आल्याच नाहीत.

1947मध्ये त्याच स्ट्रॅटफर्ड कालव्यावर वेगळाच प्रकार घडला. उचलता येणाऱ्या पुलाच्या जागी रेल्वे कंपनीने पक्का पूल टाकून वाट अडवली होती. बोटीने जाण्याचा कायदेशीर हक्क मात्र शाबूत होता. आदल्याच वर्षी जलमार्ग वाचवण्यासाठी संघटना काढणाऱ्या टॉम रोल्ट यांनी आपली बोट तिथून नेणार म्हणून रीतसर कळवलं, आणि कंपनीला जॅक लावून पूल उचलून द्यावा लागला. बोट कशीबशी निघाली. पुढे याच कालव्याचा बंद पडलेला दक्षिण भाग स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातले कैदी यांनी उपसून काढला. 1964मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

सरकारला जाग आली ती 1968मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने काही कालवे खास सहलीच्या बोटींसाठी राखून त्यांची देखभाल बंधनकारक केली. 2012पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग एक धर्मादाय न्यास सांभाळतो.