चिलखती सैनिकवाहक (चाकी)

सुरुंग, गोळीबार किंवा दबा धरून होणाऱ्या हल्ल्याची भीती असलेल्या भागातून जवानांची तुकडी सुखरूप नेणारी, पोलादी चिलखत चढवलेली चाकांची गाडी. रणगाड्यासारखे लढणे हे तिचे मुख्य काम नाही. आतली माणसे जिवंत उतरली की तिने आपले काम केले. साखळपट्ट्यांवरच्या वाहनापेक्षा ती डांबरी रस्त्यावर वेगाने पळते आणि देखभालीला स्वस्त पडते. चिखलात मात्र चाके लवकर रुततात.

सुरुंगापासून वाचवणाऱ्या गाडीचे मर्म तिच्या पोटाच्या आकारात आहे. हर्णैच्या पुळणीवर ओढून ठेवलेली होडी समोरून पाहिली, तर दोन्ही बाजू खाली निमुळत्या होत मधल्या कण्याला मिळतात. या गाडीचे पोट तसेच असते. होडी त्या आकाराने पाणी कापते. गाडी त्याच आकाराने खालून आलेला स्फोट दोन्हीकडे फेकून देते. सपाट तळ असता तर सगळा दणका थेट माणसांच्या पायांत आणि मणक्यात गेला असता. म्हणूनच चांगल्या गाडीत आसने तळाला न ठोकता बाजूंना किंवा छताला टांगतात. पट्टा न बांधलेला जवान स्फोटात छतावर आदळतो, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. पोट जमिनीपासून उंच ठेवावे लागत असल्याने गाडी वरून जड होते, आणि आंबोलीसारख्या घाटात वळणावर तिला सांभाळूनच घ्यावे लागते.

ही रचना नावारूपाला आणणारी कॅस्पिर १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत तयार झाली. सुमारे ११ टनांच्या या गाडीत चालक व सहायकाखेरीज १२ जण बसतात. भारतीय सेनेने ती काश्मीरमध्ये वापरली. पुढे अहिल्यानगरची वाहन संशोधन संस्था आणि टाटा यांनी मिळून पाण्यातही तरंगत जाणारी आठचाकी गाडी विकसित केली.

कितीही जाड पत्रा असला तरी पुरेशी दारू पेरली तर गाडी उलथते. त्यामुळे गडचिरोलीच्या जंगलात जवान पुष्कळदा पायीच जातात. चिलखत नसले तर काय होते, ते १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ दिसले. खासगी गाडीतून निघालेले १५ पोलीस आणि चालक सुरुंगस्फोटात मारले गेले.

कोकणपट्टीत सुरुंगांचे युद्ध नाही, पण समुद्रातून आलेला धोका तिने दोनदा पाहिला. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटके उतरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी मुंबईला बोटीने आले. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या पोलीस गाडीत होते, तिच्या पत्र्याला रायफलची गोळी अडवण्याची ताकद नव्हती. गाडीतला एकच शिपाई, अरुण जाधव, जखमी अवस्थेत वाचला. त्यानंतर २००९ मध्ये महिंद्राची मार्क्समन आली आणि मुंबई पोलिसांनी ती घेतली. ती आकाराने आटोपशीर, शहराच्या गल्लीत शिरणारी; भिंती गोळ्या झेलतात, तळ हातबॉम्बचा स्फोट सोसतो, आणि आतल्यांना बाहेर न पडता गोळीबार करता यावा म्हणून बाजूंना झरोके ठेवलेले आहेत.