मालमत्तांचे घसरते भाव आणि शहरांची अंदाजपत्रके (मराठवाडा)

जमीन व घरांचे भाव उतरले की त्यांवरील करातून महानगरपालिका आणि नगरपरिषदांना मिळणारे उत्पन्न आटते व शहराच्या जमाखर्चाचा मेळ बिघडतो. जगातील अनेक शहरांनी हे अनुभवले आहे. मराठवाड्यात मात्र हा आघात आडवाटेने येतो. येथे घरपट्टीचे बिल बाजारभावाशी बांधलेले नाही, त्यामुळे भाव पडले तरी पालिकेची कागदावरची मागणी, म्हणजे बिलांची एकूण रक्कम, तेवढीच राहते. कमी होते ती वसुली, आणि तिच्याबरोबर बांधकाम व दस्तनोंदणीवर अवलंबून असलेली जमा. अंदाजपत्रकात मागणीचा आकडा मोठ्या दिमाखात झळकत असल्याने ही तूट बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही.

विभागात पाच महानगरपालिका आहेत : छत्रपती संभाजीनगर (१९८२), नांदेड-वाघाळा (१९९७), लातूर व परभणी (दोन्ही २०११) आणि जालना (२०२३). बीड, धाराशिव, हिंगोली, उदगीर, अंबाजोगाई, परळी, पैठण अशा बाकीच्या शहरांत नगरपरिषदा आहेत. महानगरपालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो, नगरपरिषदांना १९६५ चा अधिनियम. घरपट्टी, नळपट्टी, दुकानगाळ्यांचे भाडे, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि राज्याचे अनुदान एवढ्यावर यांचा संसार चालतो.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण घेता येते. तेथील बहुतेक शहरांत घराची किंमत ठरावीक काळाने नव्याने आकारली जाते आणि कर तिच्यावर बसतो. २००८ च्या मंदीत घरांचे भाव कोसळले. आकारणी मागून येत असल्याने करातील घट दोन-तीन वर्षांनी तिजोरीपर्यंत पोहोचली. डेट्रॉइट हे टोकाचे उदाहरण. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०१३ पर्यंत सुमारे सात लाखांवर आली, ओसाड घरांवरचा कर कोणी भरेना, आणि त्या वर्षी जुलैमध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतात शहराला अशी दिवाळखोरी जाहीर करण्याची वाट नाही. येथे पालिका बुडत नाही. ठेकेदारांची देयके थकतात, पथदिव्यांच्या बिलापोटी वीज तोडण्याची नोटीस येते, पगार महिना उलटून होतो, आणि गाडा तसाच पुढे चालतो.

आकारणी

मराठवाड्यातील घरपट्टीचा पाया वार्षिक भाडेमूल्य हा आहे. ही मालमत्ता भाड्याने दिली असती तर वर्षाला किती भाडे आले असते, याचा अंदाज करून त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा केले जातात. उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्षकर, मलप्रवाह कर असे अनेक कर लागतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हेही त्याच बिलात येतात, पण ते राज्याचे. पालिका त्यांची केवळ वसूलदार. नागरिक बिलाची शेवटची रक्कम पाहून पालिकेला शिव्या घालतो, तेव्हा त्यातील काही वाटा मुंबईचा असतो.

समजा, एका घराचे भाडे आकारणीच्या नोंदीत महिना १,००० रुपये धरले आहे. वर्षाचे १२,००० रुपये, १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १०,८०० रुपये. सगळे कर मिळून ३० टक्के मानले तर बिल ३,२४० रुपयांचे. त्या घराचे खरे भाडे आज ६,००० आहे. मंदी आली आणि ते ५,००० वर आले, तरी बिलात एका रुपयाचा फरक पडणार नाही, कारण नोंदीतले १,००० रुपये खऱ्या भाड्याच्या आसपासही कधी नव्हते. तेजीत भाडे ८,००० झाले तरीही बिल तेच. तेजीचा लाभ न मिळालेल्या पालिकेला मंदीची झळ लागणार नाही, असे यावरून वाटेल. तसे होत नाही.

ही नोंद इतकी जुनी का राहते, याची कारणे दोन. पहिले कायद्यातले. भाडेनियंत्रणाखालील घराचे करयोग्य मूल्य प्रमाण भाड्यापेक्षा, म्हणजे त्या कायद्याखाली ठरणाऱ्या कमाल भाड्यापेक्षा, जास्त धरता येत नाही, अशी न्यायालयांची भूमिका राहिली. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद भाडेनियंत्रण कायदा लागू होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने तो गेला, पण जुन्या पेठांतील नोंदी तशाच राहिल्या. दुसरे कारण राजकीय आणि अधिक वजनदार. नगरपरिषदांनी दर चार वर्षांनी फेरआकारणी करावी, असे कायद्याला अपेक्षित आहे. चतुर्थ वार्षिक आकारणीच्या नोटिसा घरोघरी पोहोचल्या की हरकतींचा पाऊस पडतो, मोर्चा निघतो, आणि निवडणूक जवळ असेल तर आकारणीला स्थगिती मिळते. महानगरपालिकेने पुढील वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. त्या दिवशीच्या सभेत दरवाढीचा प्रस्ताव फेटाळणे हा नगरसेवकांचा जुना शिरस्ता आहे.

त्याहून मोठे छिद्र आहे ते कराच्या जाळ्यातच न आलेल्या घरांचे. छत्रपती संभाजीनगरात गुंठेवारी वसाहतींत हजारो कुटुंबे राहतात. शेतजमिनीचे तुकडे बाँडपेपरवर विकत घेऊन, रेखांकन मंजूर नसताना घरे बांधली गेली. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने ती नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे तिच्या कक्षेत आणली. नियमितीकरणाचे शुल्क पालिकेला एकदाच मिळते. रस्ता, नाली आणि नळ कायमचे द्यावे लागतात. अनधिकृत इमारतीवर दुप्पट कराइतकी शास्ती लावण्याची तरतूदही आहे. ती लावल्याने मागणीचा आकडा फुगतो, पैसा क्वचितच येतो.

भाव पडतात तेव्हा काय आटते

पहिला फटका बांधकाम परवानगीला बसतो. विकास शुल्क आणि जादा चटईक्षेत्राचे अधिमूल्य ही दोन्ही रेडी रेकनरच्या, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यांतील, दरांवर काढली जातात. हे दर मंदीत फारसे उतरत नाहीत, पण बिल्डर फाइलच दाखल करत नाही. नगररचना विभागाची जमा एका वर्षात ढासळू शकते आणि तिला कोणतीही थकबाकी नसते, म्हणजे पुढे ती वसूल होण्याची आशाही नसते. घरपट्टीपेक्षा हे उत्पन्न जास्त चंचल आहे, तरी चांगल्या वर्षाचा आकडा पुढच्या अंदाजपत्रकात सर्रास गृहीत धरला जातो.

दुसरा फटका दस्तनोंदणीचा. शहर हद्दीतील खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार घेतला जातो आणि तो स्थानिक संस्थेसाठी असतो. व्यवहार थांबले की हा वाटा घटतो, शिवाय तो शासनाकडून येताना उशीर होतोच. मराठवाड्यात व्यवहार नेहमी मंदीनेच थांबतात असे नाही. जुलै २०२१ मध्ये एक-दोन गुंठ्यांच्या दस्तांची नोंदणी परिपत्रकाने अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते मे २०२२ मध्ये रद्द केले. मधल्या काळात छोट्या प्लॉटचा बाजार बाँडपेपरकडे वळला.

तिसरा आणि खोल फटका थकबाकीचा. या भागात जमिनीचा भाव पावसावर चालतो. सोयाबीन-कापसाला भाव मिळाला की तालुक्याचा पैसा शहरात प्लॉट घेतो; २०१४ ते २०१६ सारखा दुष्काळ आला की तोच प्लॉट विकायला निघतो आणि गिऱ्हाईक मिळत नाही. रोकड नसलेला मालक पहिल्यांदा जे टाळतो ते घरपट्टीचे बिल, कारण ते न भरल्याने लगेच काही बिघडत नाही. थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. काही वर्षांत शास्ती मूळ कराला मागे टाकते आणि मग शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट पाहिली जाते.

लातूरचे उदाहरण थोडे वेगळे आहे. दहावी-बारावी आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे तेथे शिकवण्या, वसतिगृहे आणि खाणावळींवर उभा असा एक भाडेबाजार आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत विद्यार्थी गावी गेले आणि खोल्या रिकाम्या पडल्या. मालमत्ता ठरावीक काळ रिकामी राहिली तर करात परतावा मागण्याची कायद्यात सोय आहे, पण अर्ज वेळेत आणि पुराव्यासह करावा लागतो. लहान खोलीमालक त्या भानगडीत पडत नाही. तो बिल ठेवून देतो.

वसुली

घरपट्टीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, वसुली मात्र जानेवारीनंतर. मार्चअखेर पथके निघतात, दुकानांना सील लागते, नळ तोडले जातात, थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवण्याचे प्रयोगही राज्यात अनेक ठिकाणी झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदीनंतर जुन्या ५०० व १,००० च्या नोटांनी कर भरण्याची मुभा मिळाली, तेव्हा पालिकांच्या खिडक्यांवर रांगा लागल्या. पैसा नाही म्हणून कर थकतो, हे नेहमीचे स्पष्टीकरण त्या दिवसांत तरी अर्धवट ठरले.

अभय योजनेत शास्तीचा मोठा भाग माफ करून मूळ रक्कम भरून घेतली जाते. तातडीची रोकड मिळते हे खरे. पण वेळेवर भरणाऱ्याला ती काहीच देत नाही, आणि थांबून राहणाऱ्याला थांबण्याचा सल्ला देते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते मराठवाड्यातील शहरांची वसुली दुष्काळाइतकीच या सवयीने कमजोर केली आहे.

वसुलीचा पाण्याशीही थेट संबंध आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या वर्षी नळपट्टी मागायला दारात जाणाऱ्या कर्मचाऱ्याला काय ऐकावे लागले असेल ते सांगायला नको. छत्रपती संभाजीनगरात नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येत असताना घरगुती नळाची वार्षिक पट्टी ४,०५० रुपये होती. २०२२ मध्ये ती निम्मी, २,०२५ रुपये, करण्यात आली. ग्राहकाच्या बाजूने निर्णय न्याय्य होता, पण जायकवाडीहून पाणी उपसण्याचे वीजबिल निम्मे झाले नाही.

फुगवलेली उत्पन्न बाजू

तूट दाखवणारे अंदाजपत्रक सहसा मांडले जात नाही. ते काही लाखांच्या शिलकीचे असते. आयुक्त एक मसुदा ठेवतात, स्थायी समिती त्यात वॉर्डांची कामे घालते, सर्वसाधारण सभा आणखी घालते. खर्च वाढला की उत्पन्न बाजूही वाढवावी लागते, आणि त्यासाठी घरपट्टीच्या लेखाशीर्षाखेरीज सोयीची जागा नाही. जुनी थकबाकी आणि चालू मागणी मिळून होणारा आकडा ‘अपेक्षित वसुली’ म्हणून लिहिला जातो. मार्चमध्ये त्याचा काही भाग जमा होतो. मंजूर कामे तोवर सुरू झालेली असतात. अपुरी राहिलेली पुढच्या वर्षात ‘स्पिलओव्हर’ म्हणून ढकलली जातात आणि दायित्वाची रास चढत जाते. पगार व निवृत्तिवेतन आधी द्यावे लागते. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांत ठेवावा हा शासनाचा दंडक आहे, पण उत्पन्नच खाली आले की एकही नवी भरती न करता ही टक्केवारी वर जाते.

नांदेडने या समस्येची दुसरी बाजू दाखवली. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात महाराष्ट्रातून निवडलेल्या पाच शहरांत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्याबरोबर नांदेड होते. २००८ च्या गुरु-ता-गद्दी (गुरु ग्रंथ साहिबांना मिळालेली गुरुगादी) त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते, पूल, घाट उभे राहिले. बांधायला अनुदान मिळाले, सांभाळायला मात्र स्वतःचेच उत्पन्न लागते.

राज्याचा आधार आणि हद्दीबाहेरचा पैसा

जकात गेल्यापासून शहरे मालमत्ता करावर जास्त टेकली आहेत, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ती राज्यावर टेकली आहेत. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी सहायक अनुदान आले. महानगरपालिकांत जकातीनंतर स्थानिक संस्था कर आला, तो २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू होताना पूर्ण संपला. भरपाईसाठी २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ देणारा कायदा राज्याने केला. दरमहा येणाऱ्या या रकमेवर पगार भागतात. त्यामुळे घरपट्टी बुडाली तरी कचेरी बंद पडत नाही, आणि नेमक्या याच कारणाने घरपट्टीची निकड कोणाला वाटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीइतकी वाढवण्याची अट घातली, तेव्हा कुठे थोडी हालचाल झाली.

संभाजीनगरची आणखी एक अडचण भूगोलाची आहे. वाळूजची औद्योगिक वसाहत महापालिका हद्दीबाहेर, रांजणगाव शेणपुंजीसारख्या ग्रामपंचायतींच्या परिसरात आहे. शेंद्रा-बिडकीन येथील ‘ऑरिक’ हे नियोजित औद्योगिक शहरही बाहेरच. कारखाने वाढले की शहरात घरांची मागणी, वाहने आणि कचरा वाढतो; कारखान्यांच्या इमारतींवरील कर शहराला मिळत नाही. कारखान्यांत कपात झाली की घरभाडी मात्र शहरातली उतरतात.

भांडवली मूल्याचा पर्याय

मुंबईने २०१० पासून भाडेमूल्य सोडून रेडी रेकनरवर आधारित भांडवली मूल्यावर कर लावला आणि इतर महानगरपालिकांनाही कायद्याने तो पर्याय खुला आहे. मराठवाड्यात तो आला तर जुन्या पेठेतला वाडा आणि सिडकोतला नवा फ्लॅट यांच्या बिलांतील विसंगती कमी होईल. त्याचबरोबर येथील तिजोरी प्रथमच बाजाराला थेट जोडली जाईल. भाव उतरल्यास बिलही उतरावे, अशी मागणी मग रीतसर करता येईल. ती मान्य होण्यासाठी आधी रेडी रेकनर उतरावे लागते, आणि तसे क्वचित होते. करोनाच्या २०२० सालात विक्री ठप्प असताना राज्याने मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून काही महिन्यांसाठी दोन टक्क्यांवर आणले, पण त्याच सप्टेंबरात जाहीर झालेले रेडी रेकनरचे दर मुंबईत किंचित कमी होऊनही राज्यात सरासरी १.७४ टक्क्यांनी वाढलेले होते.