कचेरीतला वैताग आणि बडोद्याचं जुनं दप्तर

मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत (नावाला काय करायचंय?) गेल्या वर्षी आम्हा सगळ्यांना दुपारी तीन वाजता सभागृहात बसवलं. डोळे मिटायला सांगितले. पडद्यावरचा मुलायम आवाज म्हणाला, श्वासाकडे लक्ष द्या. माझं लक्ष सकाळी चौथ्यांदा परत आलेल्या परचेस ऑर्डरवर होतं. शेरा दर वेळी तोच, 'फॉरमॅट चुकला'. आवाजाचं म्हणणं असं की वैताग आला की तो नुसता पाहावा, मग त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं. बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "अहो, हे आपलंच. अमेरिकेतून पॉलिश होऊन परत आलंय."

काकांचं निम्मं खरं. उरलेलं निम्मं जास्त मजेचं आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या बडोद्याच्या दप्तरात सापडतं.

आधी शब्द. पालीत 'सति', संस्कृतात 'स्मृती', हल्ली मराठीत 'सजगता'. पाली सुत्तांचं, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनांचं, इंग्रजी करताना टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा शब्द वापरला, तो चिकटला. हे गृहस्थ मुळात सिलोनच्या मुलकी सेवेत होते. तिथे वरिष्ठांशी बिनसलं, चौकशी बसली, नियमबाह्य दंड वसूल केल्याचा ठपका आला आणि नोकरी गेली. म्हणजे या शब्दाच्या जन्मकुंडलीतच साहेबाशी वाजलेलं आहे.

वैतागाकडे वेगळ्या नजरेनं बघणं मात्र सतीच्या घरचं नाही. सति पाहते, राग आला तर राग आला, एवढंच नोंदवते. घटना नव्हे, घटनेबद्दलची आपली समजूत आपल्याला छळते, हे म्हणणं ग्रीक विचारवंत एपिक्टेटसचं. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी त्यावर मानसोपचाराची पद्धत उभारली, पुढच्या दशकात ॲरन बेक यांनी आपली. मराठी वाचकाला एलिस परका नाही. मुंबईचे कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि त्या पद्धतीसाठी 'विवेकनिष्ठ' हा शब्द इथे रुळवला. ही दोन घराणी एका छपराखाली आली ती १९९० च्या दशकात, सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांच्या कामात. तेही पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्या रुग्णांसाठी. परचेस ऑर्डरसाठी नव्हे.

आता बडोदे. अरविंद घोष १८९३ मध्ये सयाजीरावांच्या नोकरीत आले. आधी सेटलमेंट खातं, मग स्टॅम्प आणि महसूल, काही काळ सचिवालयात खलित्यांचे मसुदे आणि अखेर कॉलेजात प्राध्यापकी. कंटाळवाण्या कारकुनीचा त्यांना चांगला परिचय होता. ती नोकरी मागे टाकून ते बंगालच्या राजकारणात उतरले, आणि सुरतेची काँग्रेस फुटल्यावर १९०८ च्या जानेवारीत पुन्हा इथे आले. त्यांचा भाऊ बारींद्र याने ग्वाल्हेरहून विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याला बोलावून घेतलं होतं. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोघे तीन दिवस बसले. लेल्यांची सूचना अगदी साधी होती: विचार तुझ्या आत तयार होत नाहीत, बाहेरून येतात, येताना दिसले की उंबऱ्यावरूनच परतव. अरविंदांनी पुढे लिहून ठेवलंय की तीन दिवसांत मन शांत झालं. लगेच १९ जानेवारीला मुंबईच्या महाजनवाडीत भाषण होतं आणि डोक्यात एक शब्द नाही. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार कर आणि थांब, बोलणं येईल. ते आलंही. सादरीकरणाआधी पोटात गोळा येणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पण एक फरक आहे: तिथे टार्गेट कुणी दिलेलं नव्हतं.

त्याच सुमारास बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींना कलकत्ता विद्यापीठात महिना २५० रुपयांची नोकरी होती. सयाजीरावांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहायचं. कोसंबींनी ५० घेतले. आजच्या भाषेत हा करिअरचा घातच. पण 'बुद्ध, धर्म आणि संघ' ही व्याख्यानं बडोद्यात झाली आणि १९१० मध्ये छापली गेली. पुढे १९२५ च्या 'समाधिमार्गा'त त्यांनी आनापानस्मृती, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची रीत, मराठीत समजावली. आमच्या पडद्यावरचा आवाज जे सांगत होता ते शंभर वर्षांपूर्वी मराठीत उपलब्ध होतं. काका इथे बरोबर.

मग सप्टेंबर १९१७. भीमराव आंबेडकर कोलंबिया आणि लंडनहून शिकून शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे इथे रुजू झाले, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत प्रोबेशनर म्हणून. शिपाई कागद दुरून टेबलावर फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले, अंधाऱ्या दिवाणखान्यात, अडगळीच्या सामानात. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनीही टाळलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला.

मी त्या बागेत रोज सकाळी चालतो. बाकांवर डोळे मिटून श्वास मोजणारी मंडळी दिसतात, बरं वाटतं. आणि तरी प्रत्येक वेळी मनात येतं: त्या दिवशी इथे बसलेल्या तरुणाला कुणी 'वैतागाकडे वेगळ्या नजरेनं बघ' असं सांगितलं असतं तर? त्याची नजर ठीक होती. बिघाड नजरेत नव्हता, कचेरीत आणि गावात होता. अठरा वर्षांनी ते लिहिताना त्यांनी नोंदवलंय की हा प्रसंग आठवला की अजून डोळ्यांत पाणी येतं. पुढे त्यांनी बुद्धाला जवळ केलं ते वैताग निवळावा म्हणून नव्हे. गंमत अशी की बुद्ध त्यांच्या हाती पहिल्यांदा आला तो केळूसकर गुरुजींच्या चरित्रातून, आणि ते चरित्र बडोद्याच्याच ग्रंथमालेसाठी लिहिलेलं होतं.

दुसरं अकाउंटंट जनरलचं ऑफिस रंगूनचं. ऊ बा खिन तिथे साध्या कारकुनापासून चढले. १९३७ मध्ये त्यांना ध्यानाची गोडी लागली, ४ जानेवारी १९४८ ला बर्मा स्वतंत्र झाला त्या दिवशी ते अकाउंटंट जनरल झाले, आणि १९५० मध्ये त्यांनी आपल्याच कार्यालयात विपश्यना मंडळ काढलं. कचेरीत ध्यान हा प्रकार गूगलने शोधला असं वाटणाऱ्यांसाठी: गूगलमधले चेड-मेंग टॅन यांचे वर्ग २००७ चे. ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ मध्ये अर्धशिशीनं त्रासलेले एक उद्योजक आले, सत्यनारायण गोएंका. तेच १९६९ मध्ये विपश्यना घेऊन भारतात आले आणि पुढे इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं.

अमेरिकेचं काम त्या मानानं थोडक्यात सांगता येतं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या इस्पितळात, औषधांना दाद न देणाऱ्या दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला आणि त्यातला धर्म वेगळा काढून ठेवला. २००३ मध्ये एका जैवतंत्रज्ञान कंपनीतल्या कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला: ध्यान करणारे २५, प्रतीक्षायादीत १६. मेंदूच्या डाव्या बाजूची हालचाल वाढली, फ्लूच्या लसीला प्रतिसाद अधिक मिळाला. आकडे लहान, पण कंपन्यांना तेवढं पुरलं. २०१३ पर्यंत रॉन पर्सर आणि डेव्हिड लॉय यांनी या सगळ्याला 'मॅकमाइंडफुलनेस' म्हणून झोडपलंही होतं: ताण कंपनीनं द्यायचा आणि श्वास कामगारानं घ्यायचा.

हे दप्तर चाळताना एक गोष्ट मला खटकली, म्हणजे आवडली. ऱ्हिस डेव्हिड्सची नोकरी गेली, अरविंदांनी सोडली, कोसंबींनी पाचपट पगाराची सोडली, आंबेडकरांना सोडावी लागली. नोकरीत राहून सजगता चालवली ती एकट्या ऊ बा खिन यांनी, आणि ते साहेब होते. कारकुनांना डोळे मिटायला सांगण्याआधी ते स्वतः बसायचे, लाचखोरीवरही त्यांनीच हात घातला.

आमच्या सत्राला साहेब आले नव्हते. त्यांची मीटिंग होती. ऑर्डर पाचव्यांदा परत आली तेव्हा मी तीन श्वास मोजले, आणि मग फॉरमॅट ठरवणाऱ्या खात्याला तो फॉरमॅट लेखी मागणारं पत्र टाकलं.