बास्केटबॉलच्या पोरानं फुटबॉल खेळावं का?

२००२ च्या उन्हाळ्यात, पुढे बास्केटबॉलचा महान खेळाडू ठरलेल्या लेब्रॉन जेम्सचं मनगट मोडलं. ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात, सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी या हायस्कूलमध्ये तो शिकत होता. बास्केटबॉलमध्ये त्याचं नाव तोवर देशभर झालेलं होतं आणि त्याच शाळेच्या फुटबॉल संघातून तो वाइड रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा, म्हणूनही खेळायचा. हौसेखातर नव्हे, राज्याच्या निवडक संघात त्याची वर्णी लागली होती. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकी फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा. बास्केटबॉलमध्ये ज्याचं भविष्य उघड दिसतंय, त्यानं हा धोका घ्यावाच कशाला, असं कुणालाही वाटावं. पण मनगट मोडलं ते बास्केटबॉलच्याच सामन्यात. शाळेच्या शेवटच्या वर्षी तो फुटबॉल खेळला नाही आणि २००३ मध्ये एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेला.

हा प्रश्न अमेरिकेत दर ऑगस्टला हजारो घरांत निघतो. तिथल्या शाळांमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे दहा लाख आणि बास्केटबॉल खेळणारी मुलं पाच लाखांवर आहेत. त्यातल्या ज्या मुलांवर महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांची नजर असते, ज्यांना शिष्यवृत्तीचा शब्द मिळालाय किंवा मिळण्यात आहे, त्यांना तिथे 'रिक्रूट' म्हणतात. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांतही आता उंच मुलं आहेत, तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

कागदावर पाहिलं तर दोन्ही खेळ एका वर्षात आरामात बसतात. फुटबॉलचा सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो, सामने नोव्हेंबरपर्यंत चालतात, आणि मग बास्केटबॉलचा हंगाम लागतो तो मार्चपर्यंत. खरी ओढाताण असते उन्हाळ्यात. बास्केटबॉलच्या क्लब स्पर्धा तेव्हा भरतात, महाविद्यालयांचे प्रशिक्षक तिथे वह्या घेऊन बसलेले असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत फुटबॉलचे प्रशिक्षक मुलांना वजनं उचलायला बोलावतात. दोन्हीकडे हजेरी लावणाऱ्या पोराला वर्षात एकही मोकळा महिना उरत नाही.

आता विज्ञान काय म्हणतं ते पाहू. एकच खेळ बारा महिने खेळण्याबद्दल त्याचं म्हणणं बऱ्यापैकी स्पष्ट आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या २९ हायस्कूलमधल्या १,५४४ खेळाडूंवर संशोधकांनी वर्षभर लक्ष ठेवलं आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच खेळाला पूर्ण वाहून घेतलेल्या मुलामुलींना पायाची दुखापत होण्याची शक्यता तसं न करणाऱ्यांपेक्षा ८५ टक्क्यांनी जास्त निघाली. अर्धवट वाहून घेतलेल्यांची ५० टक्क्यांनी. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं एनबीएच्या २००८ ते २०१५ या काळातल्या पहिल्या फेरीत निवडल्या गेलेल्या २३७ खेळाडूंचा शालेय इतिहास तपासला. शाळेत एकाहून जास्त खेळ खेळलेले त्यात फक्त ३६ होते. त्यांच्यापैकी २५ टक्क्यांना मोठी दुखापत झाली, तर एकाच खेळावर वाढलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना.

असं का व्हावं, हे गुडघ्याकडे पाहिलं की कळतं. बास्केटबॉलच्या एका सामन्यात खेळाडू चाळीसेक वेळा उडी मारतो. धावणं, थांबणं, वळणं, सरकणं असा हालचालीचा प्रकार दर दोनेक सेकंदांनी बदलतो. १९९५ च्या एका मोजणीत एका सामन्यात असे सुमारे हजार बदल भरले. प्रत्येक उडीनंतर जमिनीवर उतरताना शरीराच्या वजनाच्या कैक पट जोर पायांवर येतो आणि तो झेलण्यात गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा मोठा वाटा असतो. रहाटाचा दोर जसा एकाच जागी घासून विरतो, तशी ती कंडरा त्याच त्या ताणानं झिजत जाते. वाढत्या वयात आणखी एक अडचण असते. हाडं भराभर लांब होतात, स्नायू आणि कंडरा मागे पडतात, आणि कंडरा जिथे हाडाला चिकटते तिथली कूर्चा अजून पक्की झालेली नसते. चौदा वर्षांच्या उंच मुलाच्या गुडघ्याखाली दुखरा उंचवटा येतो तो यामुळेच. खेळ बदलला की ताणाची जागा बदलते आणि झिजलेल्या भागाला भरून यायला वेळ मिळतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१६ मध्ये सांगितलं होतं की एकाच खेळाची निवड पंधरा-सोळाच्या आधी करू नये, आणि मुख्य खेळातून वर्षाकाठी एकूण तीन महिने तरी सुट्टी घ्यावी, सलग नसली तरी एकेक महिन्याची चालेल.

इथवर वाचून फुटबॉलचे प्रशिक्षक खूश होतात. 'बघा, विज्ञानच सांगतंय, दोन खेळ खेळा!' इथेच गफलत होते. अनेक खेळ खेळणं चांगलं, हे एक विधान झालं. त्यातला दुसरा खेळ फुटबॉल असणं चांगलं, हे अगदी वेगळं विधान आहे, आणि पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला लागू पडत नाही. एनबीएच्या अभ्यासातल्या त्या ३६ जणांचा गट सगळ्या प्रकारच्या दुसऱ्या खेळांचा मिळून होता. शिवाय ज्याचं शरीर मुळातच कणखर आहे, तोच दोन खेळ झेपवू शकतो. म्हणजे दोन खेळांनी तो टिकाऊ झाला की टिकाऊ होता म्हणून दोन खेळ खेळला, हे अशा अभ्यासातून सुटत नाही.

फुटबॉलची स्वतःची किंमत किती, तेही मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या शाळांमधल्या दुखापतींची देशव्यापी नोंद २००५-०६ पासून ठेवली जाते. पहिल्याच वर्षी आकडे आले ते असे: सराव किंवा सामन्यासाठी एक खेळाडू एकदा मैदानात उतरला की ती एक वेळ, असं धरलं तर दर हजार वेळांमागे फुटबॉलमध्ये ४.३६ दुखापती आणि मुलांच्या बास्केटबॉलमध्ये १.८९. दुखापतींची जातही वेगळी. बास्केटबॉलमध्ये मुरगळलेले घोटे आणि झिजलेले गुडघे जास्त. फुटबॉलमध्ये अंगावर येणाऱ्या शंभर किलोच्या माणसामुळे फाटणारे अस्थिबंध, निखळणारे खांदे आणि डोक्याला बसणारे धक्के. अतिवापराची दुखापत टाळायला टकरीचा खेळ घ्यायचा, हा व्यवहार मला तरी फायद्याचा वाटत नाही.

डोक्याचा मुद्दा घाईनं उरकण्यासारखा नाही. मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यात थांबलं किंवा फिरलं की मेंदू मागाहून हलतो, पिळवटतो, त्यातले लांब मज्जातंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं; आतलं हे हलणं ते पुरतं थांबवू शकत नाही. अशा धक्क्यानं भोवळ, गोंधळ, डोकेदुखी झाली की डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. २०१३ ते २०१८ दरम्यानच्या नोंदींत शालेय खेळांपैकी सर्वाधिक कन्कशन फुटबॉलमध्येच आढळली, मैदानात उतरण्याच्या दर दहा हजार वेळांमागे सुमारे दहा. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवली. हेल्मेटमध्ये संवेदक बसवून त्यांनी हायस्कूलच्या खेळाडूंचा हंगामभर मागोवा घेतला, तेव्हा कन्कशनचं निदान न झालेल्या काही मुलांच्या मेंदूच्या कामकाजातही बदल दिसले. बिनलक्षणी छोटे धक्केही साचत जातात, असा त्याचा अर्थ लावला गेला. २०२० मध्ये मृत फुटबॉलपटूंच्या मेंदूंच्या अभ्यासातून असं निघालं की खेळण्याच्या प्रत्येक वाढीव वर्षागणिक सीटीई या मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराची शक्यता ३० टक्क्यांनी वाढते. हे मेंदू बहुतांशी ज्यांना त्रास झाला त्यांच्या कुटुंबीयांनी दिलेले, त्यामुळे सरसकट सगळ्या खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. पण वर्षं वाढली की धोका वाढतो, ही दिशा त्यातून दिसते. उलट बाजूनं वाचलं तर त्यात दिलासाही आहे: शाळेतले दोन हंगाम म्हणजे व्यावसायिक खेळाची पंधरा वर्षं नव्हेत.

खेळाडू कुठल्या जागी खेळतो, यावरही बरंच अवलंबून आहे. पुढच्या फळीतले धिप्पाड गडी जवळपास प्रत्येक डावाला डोक्यानं भिडतात. कडेला पळणारा रिसीव्हर किंवा त्याला रोखणारा कॉर्नरबॅक यांना धक्के कमी वेळा बसतात, पण बसतात ते वेगात. बास्केटबॉलचे उंच, चपळ पोरगे सहसा याच दुसऱ्या गटात जातात.

मग फुटबॉलमधून बास्केटबॉलला काही मिळतं का? मिळतं. कॉर्नरबॅक उलट्या पावलांनी मागे धावत ऐनवेळी कंबर वळवतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू घेऊन घुसणाऱ्याला अडवताना हेच करावं लागतं. फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला गर्दीतून मोकळा साथीदार हेरावा लागतो, बास्केटबॉलमध्ये हल्ल्याची सूत्रं हलवणाऱ्या पॉइंट गार्डलाही. पुढे एनबीएत गाजलेल्या ॲलन आयव्हरसननं व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन शहराच्या बेथेल हायस्कूलला एकाच शैक्षणिक वर्षात, १९९२-९३ मध्ये, दोन्ही खेळांची राज्य अजिंक्यपदं मिळवून दिली. फुटबॉलमध्ये तो क्वार्टरबॅकच होता. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००५ मध्ये नेटबॉल, हॉकी आणि बास्केटबॉलच्या कसलेल्या खेळाडूंना एकमेकांच्या खेळातली चित्रं दाखवली, तेव्हा मैदानावरची मांडणी लक्षात ठेवण्याचं कसब एका खेळातून दुसऱ्यात काही प्रमाणात उतरतं असं आढळलं.

अर्थात जागा हेरण्याचं कसब शिकायला टक्कर लागत नाही. एनबीएतला नामांकित पॉइंट गार्ड स्टीव्ह नॅश कॅनडात साध्या, पायानं खेळायच्या फुटबॉलवर वाढला आणि बास्केटबॉलकडे बारा-तेराव्या वर्षी वळला. एनबीए गाजवणारा नायजेरियाचा हकीम ओलाजुवान किशोरवयात तोच साधा फुटबॉल आणि हँडबॉल खेळत होता. त्याच्या पदन्यासाचं श्रेय तो त्या मैदानांना देतो.

वयाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २०२२ मध्ये गुलिच, मॅक्नमारा आणि हॅमब्रिक या संशोधकांनी ५१ अभ्यासांतली सहा हजारांवर खेळाडूंची माहिती एकत्र केली. जागतिक दर्जाला पोचलेल्यांनी लहानपणी इतर खेळ जास्त खेळले होते, मुख्य खेळ उशिरा धरला होता, आणि त्यांची सुरुवातीची प्रगतीही संथ होती. किशोर गटातल्या अव्वल खेळाडूंचं चित्र नेमकं उलटं: लवकर सुरुवात, एकच खेळ, भरधाव प्रगती. आता अमेरिकेतली निवडपद्धत पाहा. प्रशिक्षक सोळा-सतराव्या वर्षी मुलं निवडतात, म्हणजे त्या वयात जे पुढे आहे ते त्यांना दिसतं. ज्या मार्गानं माणूस पुढे मोठा खेळाडू होतो, त्याच मार्गानं तो सोळाव्या वर्षी डोळ्यांत भरेलच असं नाही. पालक घाबरतात ते यालाच, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही.

पण याचाच दुसरा अर्थ असा की विविध खेळांचा जो फायदा आहे तो मुख्यतः बालपणी आणि चौदा-पंधरापर्यंत पदरात पडतो. सतराव्या वर्षी, शिष्यवृत्ती हातात असताना, कौशल्य वाढेल म्हणून पहिल्यांदा फुटबॉलच्या संघात शिरणं याला फारसा आधार नाही. ज्याला तो खेळ मनापासून आवडतो, मित्र तिथे आहेत, शुक्रवारी रात्री अख्खं गाव मैदानावर लोटतं त्याचं वेड आहे, त्यानं खेळावं. फक्त कारण तेच सांगावं.

एका प्रकारच्या मुलाला मात्र मी फुटबॉल सोडू नको असंच म्हणेन. उंची १.९३ मीटर, अंगापिंडानं भरलेला, बास्केटखाली दांडगाईनं चेंडू मिळवणारा. शाळेत हा मुलगा राक्षस वाटतो. एनबीएत त्या जागेवर त्याच्याहून पंधरा सेंटीमीटर उंच माणसं असतात. अँटोनिओ गेट्स असाच होता. मिशिगन स्टेट विद्यापीठात तो दोन्ही खेळ खेळायच्या इराद्यानं गेला, फुटबॉलच्या प्रशिक्षकांना त्यानं फक्त फुटबॉल खेळायला हवा होता, म्हणून तो तिथून निघाला आणि शेवटी केंट स्टेटमधून बास्केटबॉल खेळला. एनबीएला तो बुटका. २००३ मध्ये फुटबॉलच्या सॅन डिएगो चार्जर्सनी त्याला निवडीबाहेरून घेतलं, टाइट एंड, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवणारा आणि चेंडूही झेलणारा धिप्पाड गडी केलं, आणि २०२५ मध्ये तो त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर रोखून चेंडू झेलणं त्याला बास्केटखालीच येत होतं. यात साधं गणितही आहे: जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर वरच्या गटातल्या महाविद्यालयांसाठी संघाची कमाल संख्या बास्केटबॉलला १५ आणि फुटबॉलला १०५ ठरली आहे.

टक्कर नको पण खेळ हवा असणाऱ्यांसाठी फ्लॅग फुटबॉल आहे. कमरेला लावलेली पट्टी ओढली की डाव तिथेच थांबतो, पाडापाडी नाही. पळण्याच्या वाटा, कंबर वळवणं, चेंडू झेलणं सगळं तेच. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे, आणि तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात झाला. त्याच बैठकीत क्रिकेटही आत आल्यामुळे आपल्याकडे या बातमीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आणि टॅकलचा, म्हणजे पाडापाडीचा, फुटबॉलच खेळायचा ठरला, तर घरच्यांनी प्रशिक्षकाला आधी हे विचारावं की आठवड्यातून किती मिनिटं पूर्ण टकरीचा सराव घेता. विस्कॉन्सिननं २०१४ मध्ये शाळांना मर्यादा घातली: पहिल्या आठवड्यात शून्य, दुसऱ्यात ७५ मिनिटं, त्यानंतर आठवड्याला ६०. त्या हंगामात सरावातल्या कन्कशनचं प्रमाण आधीच्या दोन हंगामांच्या निम्म्याहूनही खाली आलं.