जिना आहे, पण दार सापडत नाही

धरणाच्या वीजघरातून पाणी फेसाळत बाहेर पडतं, तिथे अंडी घालायला समुद्रातून नदीत वर निघालेले सॅमन मासे तोंड प्रवाहाकडे करून तासन्‌तास पोहत राहतात. काही मीटरवर खास त्यांच्यासाठी बांधलेला जिना असतो. तरी ते तिकडे वळत नाहीत. बिचाऱ्यांचं चुकतंही काही नाही. वर जायचं तर पाण्याचा जोर जिकडून येतोय तिकडे जायचं, हे त्यांना उपजतच ठाऊक असतं आणि धरणाखाली सगळ्यात मोठा जोर टर्बाइनच्या पाण्याचा असतो.

जिना बांधणं त्या मानाने सोपं. एकापेक्षा एक थोडी उंच अशी टाक्यांची रांग, वरच्या टाकीतलं पाणी खालच्या टाकीत पडतं. मासा उडी मारून किंवा भिंतीतल्या भोकातून पुढच्या टाकीत शिरतो, दम खातो, पुन्हा निघतो. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवरचं बॉनव्हिल धरण १९३८ साली सुरू झालं तेव्हापासून तिथे असे जिने आहेत. काचेच्या खिडकीपाशी बसून, पलीकडून जाणारा मासा कोणत्या जातीचा ते ओळखत त्यांची मोजदादही केली जाते. खरी कसोटी लागते ती जिन्याच्या तोंडाशी. तिथे मुद्दाम जादा पाणी सोडून माशाला ‘इकडे ये’ म्हणावं लागतं. हे पाणी कमी पडलं तर उत्तम जिनाही ओस पडतो.

उशीर झाला तर काय बिघडतं? समुद्र सोडून नदीत शिरल्यावर सॅमन जवळजवळ काही खात नाही. पुढचा सगळा प्रवास अंगातल्या चरबीवर. धरणाखाली घुटमळण्यात गेलेला प्रत्येक दिवस अंडी घालण्याच्या शिदोरीतून वजा होतो.

एवढ्या लांबून तो आपल्याच जन्माच्या ओढ्याला कसा पोहोचतो, याचं उत्तर नाकात आहे. १९५० च्या दशकात आर्थर हॅस्लर आणि वॉरेन विस्बी या संशोधकांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एक साधा प्रयोग केला. नदीला दोन फाटे फुटतात तिथल्या सॅमनच्या नाकपुड्या त्यांनी बुजवल्या आणि त्यांना फाट्याच्या खाली सोडलं. नाक मोकळं असलेले बहुतेक मासे आपापल्या फाट्याला गेले, नाक बंद असलेले वाट फुटेल तिकडे. लहानपणी समुद्राकडे जाताना वाटेतल्या पाण्याचा वास पिल्लाच्या मनात ठसतो, परतताना तोच वाटाड्या होतो.

पिल्लांच्या त्या उतारावरच्या प्रवासाकडे आपलं लक्ष कमी जातं. मला तर तोच जास्त अवघड वाटतो. धरणामागे नदीचं तळं झालेलं असतं. ओढून नेणारा प्रवाह मंदावतो, पाणी तापतं, शिकारी मासे टपलेले असतात. पुढे टर्बाइन. पात्याचा फटका चुकला तरी पाण्याचा दाब निमिषात उतरतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी फुटते. सांडव्यावरून सोडावं, तर उंचावरून कोसळणाऱ्या पाण्यात हवा प्रमाणाबाहेर विरघळते आणि माशांच्या अंगात बुडबुडे धरतात. मग कोलंबिया आणि तिची उपनदी स्नेक इथे पिल्लांना चक्क बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू होडीत, भरून धरणांपलीकडे नेऊन सोडू लागले. पिल्लं वाचली, पण अशी नेलेली पिल्लं मोठी होऊन परतताना वाट चुकण्याचं प्रमाण जास्त दिसतं. वाटेचे वास टप्प्याटप्प्याने घ्यायचे राहून गेले, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

शिवाय सगळेच मासे सॅमन नव्हेत. लॅम्प्रे हा बामसारखा लांबट मासा तोंडाने भिंतीला चिकटत, सरकत वर चढतो. काटकोनी कडा आली की पकड सुटून तो खाली पडतो, म्हणून काही जिन्यांच्या कडा गोल कराव्या लागल्या. बामची पिल्लं उतारावर बसवलेल्या ओल्या ब्रशच्या केसांमधून वळवळत वर चढतात. समुद्रातून नदीत येणारा आपल्याकडचा हिल्सा उड्या मारत नाही आणि हाताळलेलं त्याला सोसत नाही. पूर्वी तो गंगा-यमुनेतून आग्रा-दिल्लीपर्यंत जायचा. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या गंगेतून तो जवळपास नाहीसा झाला.

काही ठिकाणी मग धरणच काढलं. वॉशिंग्टनमधल्या एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ साली दोन धरणं झाली. माशांना वाट ठेवा असा राज्याचा कायदा असूनही जिना दोन्हींना नव्हता. सॅमनच्या वाट्याला उरली मुखाजवळची जेमतेम आठ किलोमीटर नदी. २०११ मध्ये धरणं पाडायला सुरुवात झाली. मार्च २०१२ पर्यंत खालचं धरण गेलं आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या वरच्या बाजूला चिनूक सॅमन दिसले. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी नदीचा तो भाग पाहिलेला नव्हता. थोड्याच काळात एल्व्हाकाठच्या डिपर या चिमुकल्या पक्ष्याच्या शरीरात समुद्रातल्या नायट्रोजनची खूण मिळाली. डिपर कधी समुद्रावर जात नाही. तो ओढ्यात बुड्या मारून किडे आणि सॅमनची अंडी खातो.