कॅसलव्हेनिया: एकाच किल्ल्याची जवळपास चाळीस वर्षं

'कॅसलव्हेनिया' हे या व्हिडिओ गेमचं जन्मनाव नाही. २६ सप्टेंबर १९८६ रोजी जपानच्या कोनामी कंपनीने फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्राच्या डिस्क सिस्टिमसाठी तो आणला, तेव्हा नाव होतं 'आकुमाजो दोराक्युरा', म्हणजे सैतानी किल्ल्यातला ड्रॅक्युला. कोनामीच्या अमेरिकी शाखेतले वरिष्ठ अधिकारी एमिल हाइडकॅम्प यांना त्या नावातला सैतान खटकला. मग इंग्रजीतला किल्ला आणि ड्रॅक्युलाचं ट्रान्सिल्व्हेनिया यांची सांधेजोड झाली, आणि १९८७ साली अमेरिकेत गेम गेला तो नव्या नावाने.

गोष्ट साधी आहे. साधारण शंभर वर्षांनी ड्रॅक्युला पुन्हा उठतो आणि बेल्मॉन्ट घराण्यातला कुणीतरी पिढीजात चाबूक घेऊन त्याच्या किल्ल्यात शिरतो. पहिल्या गेममधला हा बेल्मॉन्ट म्हणजे सायमन. दिग्दर्शक हितोशी आकामात्सू यांना जुन्या भयपटांचं वातावरण हवं होतं, म्हणून सुरुवातीच्या पडद्याच्या कडांना चक्क फिल्मच्या रिळासारखी भोकं आहेत. शेवटच्या श्रेयनामावलीत भयपटांतल्या नटांची मोडतोड केलेली नावं येतात आणि संगीतकार म्हणून 'जेम्स बनाना' असं नाव झळकतं. त्या नावामागे होत्या किनुयो यामाशिता. नुकतंच शिक्षण संपवून कोनामीत लागलेल्या या मुलीचं हे पहिलंच काम, सातोए तेराशिमा यांच्या जोडीने केलेलं. आपली माणसं दुसऱ्या कंपनीने पळवू नयेत म्हणून जपानी कंपन्या तेव्हा सहसा खरी नावं देत नसत. ज्या चाली आज वाद्यवृंद रंगमंचावर वाजवतात, त्या रचणाऱ्या बाईचं नाव त्या गेममध्ये नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खेळ म्हणून तो कठीण होता, पण त्या कठीणपणात हिशेब होता. सायमनचा चाबूक बटण दाबताक्षणी पोचत नाही. आधी हात मागे जातो, मग फटका सुटतो, आणि तेवढ्यात वटवाघूळ अंगावर आलेलं असतं. एकदा उडी मारली की हवेत वळता येत नाही. मार बसला की सायमन मागे फेकला जातो, आणि मागे नेमका खड्डा असतो. मेणबत्ती फोडली की हृदय मिळतं, पण त्याने जीव वाढत नाही. ती कुऱ्हाड, खंजीर किंवा पवित्र पाणी फेकण्याची शिदोरी. जीव वाढवायचा तर भिंतीत दडवलेलं भाजलेलं मांस शोधायचं. लाटेसारखी वरखाली होत येणारी मेड्युसाची मुंडकी दिसली की आधी थांबायचं, अंदाज घ्यायचा, मगच पाऊल टाकायचं. घाई करणाऱ्याला हा किल्ला आत घेत नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' आला, तो याच फॅमिकॉमची नक्कल होता. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. त्या कॅसेटींवरचा सगळ्यांचा लाडका कॉन्ट्रा हाही कोनामीचाच, म्हणजे कॅसलव्हेनियाचा सख्खा भाऊ.

१९८७ सालच्या दुसऱ्या भागात गावं आली, दिवस-रात्र आली, गावकऱ्यांशी बोलणं आलं. कल्पना काळाच्या पुढे होती, पण इंग्रजी भाषांतराने घात केला. एका कड्यापाशी लाल स्फटिक हातात घेऊन गुडघे टेकून बसलं की वावटळ येते आणि पुढे नेते. गावकऱ्यांच्या तुटक वाक्यांवरून हे कुणाला उमगणार? कितीतरी मुलं त्या कड्याशीच अडकली. या भागातली 'ब्लडी टिअर्स' ही चाल मात्र मालिकेची ओळख होऊन बसली.

१९८९ अखेर आलेल्या तिसऱ्या भागात कथा मागे, १४७६ सालात गेली. जपानी कॅसेटमध्ये कोनामीने व्हीआरसी६ नावाची स्वतःची चिप बसवली होती आणि तिने आवाजाला तीन जादा वाहिन्या दिल्या. अमेरिकी यंत्रात ती सोय चालत नव्हती, म्हणून तिथल्या मुलांनी तेच संगीत सडसडीत होऊन ऐकलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. जपानी आवृत्तीत किल्ला भरल्यासारखा वाटतो. याच भागात ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड पहिल्यांदा आला. रोमन लिपीत ड्रॅक्युला उलटा लिहिला की होतं ते नाव.

१९९१ च्या चौथ्या भागात चाबूक आठ दिशांना फिरू लागला. अमेरिकी आवृत्तीत निन्टेन्डोच्या नियमांपायी रक्त आणि थडग्यावरचा क्रूस पुसला गेला, पुतळ्यांना कपडे चढले. १९९३ साली पीसी इंजिन या दुसऱ्या गेम-यंत्राच्या सीडीवर आलेला रिक्टर बेल्मॉन्टचा भाग तेव्हा जपानबाहेर गेलाच नाही.

आणि मग २० मार्च १९९७. 'सिम्फनी ऑफ द नाइट'. सगळा बाजार त्रिमितीमागे धावत असताना प्लेस्टेशनवर हा सपाट चित्रांचा गेम आला. दिग्दर्शक तोरू हागिहारा, त्यांच्या हाताखाली कोजी इगाराशी, चित्रं आयामी कोजिमांची, संगीत मिचिरू यामाने यांचं. इगाराशींनी पुढे सांगितलं त्याप्रमाणे मूळ अडचण धंद्याची होती. टप्प्याटप्प्याचा गेम सराईत खेळाडू झटपट संपवत आणि जुन्या गेमच्या दुकानात विकून टाकत. गेम घरात राहावा म्हणून तो लांब हवा होता, आणि त्यासाठी नमुना घेतला निन्टेन्डोच्या झेल्डा या साहसी गेमचा. टप्पे गेले आणि अख्खा किल्लाच एक नकाशा झाला. बंद दार दिसतं, ते उघडण्याची शक्ती तीन मजले वर मिळते, मग पुन्हा खाली या. पाहुणा म्हणून शिरलेले तुम्ही हळूहळू तिथले रहिवासी होता.

यातला नायक अलुकार्ड सुरुवातीला उत्तम शस्त्रं घेऊन आत येतो आणि थोड्याच वेळात यमदूत ती सगळी काढून घेतो. पुढे खास चष्मा घालून रिक्टरसमोर गेलात, तर त्याच्या डोक्यावर तरंगणारा गोळा दिसतो. रिक्टरला न मारता तो गोळा फोडायचा. मग आभाळातून दुसरा किल्ला उतरतो, उलटा. छताची जमीन होते. नकाशाचे टक्के शंभरावर थांबत नाहीत, २००.६ पर्यंत जातात. या घडणीला पुढे निन्टेन्डोचा 'मेट्रॉइड' हा गेम आणि कॅसलव्हेनिया यांच्या जोडीवरून 'मेट्रॉइडव्हेनिया' हे नाव पडलं आणि आज जगभरचे छोटे स्टुडिओ त्याच साच्यात गेम बांधतात.

निन्टेन्डो ६४ आणि प्लेस्टेशन २ वरचे त्रिमिती प्रयोग मला कधी फारसे भावले नाहीत. मालिका जगली ती हातात मावणाऱ्या यंत्रांवर. पहिल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला दिवा नव्हता, त्यामुळे २००१ चा भाग खिडकीपाशी बसून खेळावा लागे. २००२ च्या भागात म्हणून रंग भडक केले आणि नायकाभोवती निळी कड काढली. २००३ मध्ये दिव्याचं यंत्र आलं आणि 'आरिया ऑफ सॉरो'चे रंग पुन्हा शांत झाले. पुढे निन्टेन्डोच्याच डीएस या हातातल्या यंत्रावर २००५ ते २००८ दरम्यान आणखी तीन भाग आले.

२०१० साली माद्रिदच्या मर्क्युरीस्टीम स्टुडिओने गोष्ट नव्याने मांडली. २०१४ मध्ये तिचा शेवटचा भाग आला आणि त्याच वर्षी इगाराशी कोनामीतून बाहेर पडले. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच घडणीच्या 'ब्लडस्टेन्ड' या नव्या गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पाच लाख डॉलर मागितले, तर ६४ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ५५ लाखांवर दिले. चाहत्यांना किल्ला हवा होता, पाटी कुठलीही चालणार होती. २०१७ पासून नेटफ्लिक्सच्या अ‍ॅनिमेशन मालिकेने नवे प्रेक्षक आणले आणि २०१८ पासून जुने भाग संग्रहांमधून परत मिळू लागले.

एक जागा अजून रिकामी आहे. 'आरिया'त ओझरता उल्लेख येतो की १९९९ साली ज्युलियस बेल्मॉन्टने ड्रॅक्युलाला कायमचं संपवलं आणि किल्ला सूर्यग्रहणात कोंडला. त्या लढाईवर कोनामीने स्वतंत्र गेम कधी काढलाच नाही. 'आरिया' घडतो २०३५ साली, जपानमध्ये, खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी. २ सप्टेंबर २०३५ रोजी जपानमधून खरोखरच खग्रास ग्रहण दिसणार आहे.