खासदाराचं खासगी विधेयक: कोण आणू शकतं, काय जोडावं लागतं आणि ते अडतं कुठे

डिसेंबर २०२५ मध्ये भाच्याचा फोन आला. "मामा, ऑफिस सुटल्यावर साहेबाचा फोन नाही उचलला तरी चालतं ना आता? कायदा झालाय म्हणे." झाला नव्हता. खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत त्या विषयाचं खासगी विधेयक मांडलं होतं, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. २०१८ सालीही त्यांनी असंच विधेयक आणलं होतं. २०१९ ला लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप निकालात निघालं.

पात्रता अगदी साधी आहे. मंत्री नसलेला कुठलाही खासदार, सत्ताधारी बाकावरचा असो की विरोधी, असं विधेयक आणू शकतो. नागरिकाला थेट विधेयक दाखल करता येत नाही. मसुदा लिहून खासदाराच्या संपर्क कार्यालयात द्यायला कुणाची हरकत नाही, पण नोटिशीवर सही त्यांचीच लागते. विषय मात्र आधी तपासा. कामगारांचा प्रश्न समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, त्यामुळे संसदेत चालतो. पोलीस हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला विषय, त्यासाठी आमदार गाठावा लागेल.

कागदपत्रांत पहिला अर्थातच विधेयकाचा मसुदा. त्याच्यासोबत 'उद्देश व कारणे यांचे निवेदन': हा कायदा का हवा, एवढंच, तेही भाषणबाजी न करता. सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाची माहिती देणारं टिपण लागतं. मसुद्यातली खर्चाची कलमं ठळक किंवा तिरक्या अक्षरात छापायची असा लोकसभेचा नियमच आहे, म्हणजे पैशाची गोष्ट नजरेतून सुटायला नको. नियम करायचे अधिकार सरकारला देणार असाल तर त्याचं वेगळं ज्ञापन. आणि खर्चाच्या विधेयकावर सभागृहाने विचार करण्याआधी राज्यघटनेच्या अनुच्छेद ११७ नुसार राष्ट्रपतींची शिफारस लागते. ही शिफारस प्रत्यक्षात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने येते, त्यामुळे पुष्कळ विधेयकं इथेच बसून राहतात.

नोटीस साधारण महिनाभर आधी द्यायची. मग विधेयक पुरःस्थापित होतं, म्हणजे सभागृहात मांडलं जातं. परंपरेने त्याला कुणी विरोध करत नाही, दोन मिनिटांत काम उरकतं आणि बातमी मात्र याच दिवसाची होते!

खरी अडचण पुढे. खासगी कामकाजाला लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात. एका शुक्रवारी विधेयकं, तर दुसऱ्या शुक्रवारी ठराव. चर्चेला कुणाचं विधेयक घ्यायचं हे ठरवताना चिठ्ठ्या टाकतात. नंबर लागलाच तर चर्चा होते, मंत्री उत्तर देतात, "भावना पोहोचल्या, विधेयक मागे घ्यावं" अशी विनंती करतात आणि बहुतेक सदस्य ते मागे घेतात. आजवर दोन्ही सभागृहांतून पार पडून कायदा झालेली खासगी विधेयकं १४. शेवटचं १९७० सालचं, सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांविषयीचं.

तरी मी याला वाया गेलेला खटाटोप म्हणणार नाही. द्रमुकचे नेते तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ रोजी मंजूर केलं. लोकसभेत ते पुढे सरकलं नाही, पण २०१६ मध्ये सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ ला कायदा झाला. त्या कायद्यातल्या तरतुदींवर तृतीयपंथी समाजातून टीका झाली, हेही खरं.

दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली की राजपत्रात 'अधिनियम क्रमांक' छापून येतो. 'विधेयक क्रमांक' दिसला तर अजून काही झालेलं नाही. अधिनियम असला तरी पहिलं कलम वाचा. 'केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास अमलात येईल' असं लिहिलेलं असेल, तर ती अधिसूचना निघाली का हे वेगळं शोधावं लागतं.